ओळख बंद

लोहगावच्या कुंपणाआत, धावपट्टीपासून जरा बाजूला,
गवतात आमची खोली.
एसी आहे, पण तो माणसांसाठी नाही, यंत्रांसाठी.
एप्रिलात टिटवी दाराबाहेरच्या खडीत अंडी घालते
आणि आम्हालाच आमच्या दारातून जाऊ देत नाही.

पहिल्या दिवशी खळदकर मला म्हणाले,
मुलाणी, हे यंत्र विमानाला रस्ता दाखवत नसतं.
हे आपलं नाव सांगतं, बस.
तीन अक्षरं, लांब-आखूड, दर काही सेकंदांनी,
दिवाळी असो, ईद असो, ऐकणारा असो नसो.
नाव, आणि नावाभोवती तीनशे साठ वाटा.
मी कुठे आहे ते मी सांगतो,
तू कुठे आहेस ते तू काढ.
एवढं बोलून त्यांनी डब्यातला कांदा बुक्कीनं फोडला.

डिसेंबरात धुकं नदीवरून वर चढतं.
धानोरीच्या गच्च्या जातात, मग दिवे जातात,
टॉवरच्या खिडकीत काचेखेरीज काही उरत नाही.
अशा पहाटे वर कोणीतरी, नागपूरहून निघालेला,
घोटभर चहा उरलेला कप बाजूला सारतो
आणि कानात आमचं नाव शोधतो.
सापडलं की थोडकं बोलतो.
टॉवर सांगतो, हा तेच परत म्हणतो, आकडा न आकडा,
वाण्याकडे धाडलेल्या पोरानं
वाटभर यादी घोकावी तसा.
चूक सापडते ती त्या परत म्हणण्यातच.
आमचे आभार कोणी मानत नाही. नकोतच.
चाकं टेकल्याचं आम्हाला भिंतीतून कळतं.

नियम एकच कडक.
दुरुस्ती चालू असताना लहरी जाऊ द्यायच्या,
फक्त नाव काढून घ्यायचं.
वरच्याला सुई हलताना दिसेल, दिशाही दिसेल,
पण कानात नाव नाही,
म्हणजे विसंबू नकोस.
रजिस्टरात लाल शाईनं: ओळख बंद, वेळ, सही.
तेहतीस वर्षं खळदकरांची सही,
तिरकी, शेवटी ठसठशीत टिंब.

निवृत्तीनंतर अकराव्या महिन्यात उजवं अंग गेलं.
टिंगरेनगर, दुसरा मजला, खिडकीशी कॉट.
प्रमिलावहिनी म्हणाल्या, कळतं सगळं हो,
बोलायला गेले की भलतंच येतं.
काल मला पाना म्हणाले.
डॉक्टरांनी स्वतःचं नाव विचारलं
तर बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

मी खुर्ची ओढली.
तेवढ्यात सुखोई उठलं. तावदानं थरथरली,
मांडणीवरची भांडी बोलली, मग शांत.
त्या शांततेत चमचा.
डाव्या हातात, पेल्यावर:
लांब असेल तिथे काठावरून ओढायचे,
आखूड असेल तिथे नुसता टोला.
हे रात्रभर चालतं, वहिनी म्हणाल्या,
डोळ्याला डोळा नाही माझ्या.

मी मोजलं. सवयच ती.
तिसऱ्या अक्षरात एक टिंब कमी.
पुन्हा ऐकलं. तिथेच, तेवढंच कमी.

काय बोलणार?
कॉटच्या लोखंडी दांड्यावर मी नखानं
तेच परत म्हटलं, जसंच्या तसं,
कमी टिंबासकट.

चमचा थांबला.
कपाळावर ती जुनी आठी आली,
माझी पहिली नोंद खोडताना आली होती ती.
माझं बोट त्यांनी पकडलं, दांड्यावर नेलं,
आणि एकदाच, जोरात, टेकवलं.

हो साहेब, मी म्हटलं. राहिलं होतं.

मग ते पुन्हा स्वतः सुरू झाले,
पेल्यावर, एक टिंब कमी.
वहिनींनी चहा आणून ठेवला.
त्या रिकाम्या जागी दर वेळी
एक टिंब मी देत राहिलो,
चहावर साय धरेपर्यंत.